वानगीपुरता नाद

धान्याचा व्यापारी मूठभर दाण्यांवरून पोत्याचा अदमास घेतो. हेडफोनांत ही वानगी पुष्कळदा फसवते. अनेक कंपन्यांचा स्वस्त माल हा महाग मालाचा धाकटा भाऊ नसून केवळ आडनावबंधू असतो.

ब्रुकलिनच्या ‘ग्राडो’ पेढीचे तसे नाही. जोसेफ ग्राडो यांनी १९५३ मध्ये रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचे कार्ट्रिज घडवून आरंभ केला. घराण्याचे फळांचे दुकान होते, त्याच इमारतीत पुढे कारखाना थाटला. १९९० मध्ये पुतणे जॉन यांनी पेढी घेतली. वारशाने नव्हे, विकत.

तिचा ‘एसआर ६०’ हा स्वस्तांतला हेडफोन. तरी थोरल्या भावंडांचा स्वभाव त्यात उतरला आहे. कंठस्वर आणि तंतुवाद्ये अगदी समोर, वरचे स्वर झगझगीत, खर्ज बेताचा. सतारीत रमणाऱ्यास तो भावेल. ढोलाचा ठोका छातीत जाणवावा अशी ओढ असणाऱ्या चिरंजीवांसाठी मात्र वडिलांनी दुसरी पेढी पाहावी. याच घराण्याचा अनेक पट महाग नग घेऊनही ती हौस भागण्याची शाश्वती नाही.

याच्या वाट्यांची पाठ उघडी असते. आतले बाहेर आणि बाहेरचे आत ऐकू येते, म्हणून गल्ल्यावर वा लोकलमध्ये तो निरुपयोगी. रात्री सामसूम झाल्यावर, शेजारी कोणी निजलेले नसेल तर, उत्तम. त्यास वेगळा अॅम्प्लिफायर लागत नाही, मोबाइल पुरतो. त्याला वायरची खाच नसल्यास छोटा जोड घ्यावा. स्पंजाची गादी बदलली की नादही बदलतो, तेव्हा पारख मूळ गादीनिशीच करावी.