शाळेच्या प्रयोगशाळेत एक इस्त्री हवी

विज्ञान प्रदर्शनात विमानाचं मॉडेल दिसलं की मी आधी त्याचा पंख चाचपून बघतो. बहुतेक वेळा हाताला थर्माकोल आणि चकचकीत कागद लागतो. शेजारचा विद्यार्थी बर्नूलीचं तत्त्व घडाघडा म्हणून दाखवतो. ‘उडतं का रे?’ असं विचारलं की तो सरांच्या तोंडाकडे बघतो. माझा राग त्या पोरावर नाही. दिसण्याला गुण आणि उडण्याला शून्य, हा हिशेब मोठ्यांनी घालून दिलाय.

तळेगावच्या कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी करून मी बेडशाला, आपल्या गावी परतलो. रविवारी पडवीत मुलं जमतात आणि बाल्सा लाकडाचे ग्लायडर करतात. नव्या मुलाला मी पंख मढवायला बसवतो. पालकांना ही सजावट वाटते.

मढवायची ती हीट-श्रिंक फिल्म. बहुतेक पॉलिस्टरचा पातळ पापुद्रा, एका बाजूला उष्णतेने चिकटणारा गोंद. आच लागली की ती आकसते आणि ताठ होते. नुसत्या सांगाड्याचं टोक चिमटीत धरून पिळा, सहज पिळतं. मढवल्यावर त्यालाच जोर लावावा लागतो. पंखाच्या सांगाड्यात असतात तशा लाकडी फासळ्या कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्याच्या छताला अजून आहेत. आमच्या बेडशाच्या लेण्यातल्या गेल्या, तरी छत जागचं हललं नाही, कारण सगळा भार कातळच पेलतो. पंखाचं तसं नाही. तिथे फासळ्या आणि फिल्म मिळूनच भार पेलतात.

काम अवघड नाही, पण क्रम चुकला की फसतं. सांगाडा काचकागदाने गुळगुळीत घासायचा, धूळ पुसायची. राहिलेला एकेक कण फिल्मखालून डोकं वर काढतो. फिल्म चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठी कापायची. आधी पंखाची खालची बाजू, मग वरची, म्हणजे सांधा वरून दिसत नाही. ओरखडे नकोत म्हणून इस्त्रीला सुती मोजा चढवायचा. शंभर अंशांच्या आसपास फक्त कडा चिकटवायच्या: मुळाशी, टोकाशी, मग पुढची कड, मग मागची. आकसवायला आच जास्त, दीडशेच्या आसपास. कंपनीगणिक आकडा बदलतो, तो वेष्टनावर वाचायचा.

नव्या मुलाला इथेच दम धरवत नाही. एक बाजू चिकटली की तो हीट गन घेऊन तीच ताणायला धावतो. समोरून ओढ धरायला दुसरी बाजू नसते, मग पंखाला पीळ पडतो. असा ग्लायडर हातातून सुटला की एका अंगाला कलंडतो आणि खाचरात नाक खुपसतो. म्हणून दोन्ही बाजू चिकटल्यावरच आळीपाळीने, थोडी थोडी आच द्यायची. पडलेला पीळ काढताही येतो. एकाने पंख उलट दिशेला किंचित जास्त पिळून धरायचा, दुसऱ्याने इस्त्री फिरवायची आणि गार होईपर्यंत पकड सोडायची नाही.

मावळातला पाऊसही शिकवतो. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल धरतं. तेव्हा ताठ मढवलेला पंख मार्चमध्ये सुरकुततो. ‘काका, फिल्म खराब निघाली का?’ नाही बाळा, लाकूड सुकलंय. पुन्हा इस्त्री फिरव.

हा पोरखेळ वाटत असेल तर खऱ्या विमानांकडे बघा. आपल्या एचएएलचं पुष्पक, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, कापडाने मढवलेलंच होतं. हडपसरला १९५० पासून ग्लायडिंग सेंटर आहे. त्या काळातलं भारतीय बनावटीचं रोहिणी ग्लायडर लाकूड, प्लायवूड आणि कापडाचं. आजही कापडी विमानांवर पॉलिस्टरचं कापड चढवून ते इस्त्रीनेच आकसवतात.

लोक म्हणतात, फोमचं तयार विमान आणा, पडलं तरी फारसं मोडत नाही. उडवायला शिकायचं असेल तर जरूर आणा, मीही तेच सांगतो. रिमोटवर उडवणार असाल तर ‘ड्रोन नियम २०२१’ वाचा आणि डिजिटल स्कायचा नकाशा बघा; आपल्याजवळ लोणावळ्याला नौदलाचा आयएनएस शिवाजी हा तळ आहे, म्हणून इथे हे बघायलाच हवं. पण पंख सरळ का राहतो, हे तयार विमान शिकवत नाही. फिल्मचा रोल महाग पडतो हे खरं, पण एका रोलात बरेच छोटे ग्लायडर मढतात. भाजण्याची भीतीही खरी आहे. त्यासाठी शिक्षकाने शेजारी बसायचं.

अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यातून थ्री-डी प्रिंटर आणि सेन्सर येतात, यावेत. त्याच टेबलावर एक इस्त्री, काचकागद आणि बाल्साच्या चार पट्ट्याही ठेवा.

तालुका विज्ञान प्रदर्शनाच्या आयोजकांना माझी विनंती आहे. दिवाळीनंतर भात निघतं आणि मावळातली खाचरं मोकळी होतात. तेव्हा एक स्पर्धा ठेवा. ग्लायडर मुलाने स्वतः बांधलेला आणि मढवलेला हवा, हाताने फेकायचा, आणि गुण फक्त हवेत राहिलेल्या सेकंदांना द्यायचे. रंगाला, तक्त्याला आणि पाठ केलेल्या भाषणाला एकही गुण देऊ नका.