रिकाम्या पिशवीलाही किंमत हवी

प्लास्टिकच्या पिशवीवर बंदी घालण्याचे काम महाराष्ट्राने आजवर एकदा नव्हे, अनेकदा केले आहे. मुंबईतील 2005 च्या जलप्रलयानंतर पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. 23 मार्च 2018 रोजी राज्यव्यापी बंदीची अधिसूचना निघाली आणि पहिल्या गुन्ह्यास 5 हजार, दुसऱ्यास 10 हजार, तिसऱ्यास 25 हजार रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास अशी शिक्षा ठरली. 1 जुलै 2022 पासून केंद्र सरकारने एकदा वापरून फेकावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्याच वर्षाच्या अखेरीस पिशवीची किमान जाडी 120 मायक्रॉनवर नेली. तरीही भूमसारख्या तालुक्याच्या गावी बाजार उठला की मागे उरते ती पातळ पिशवीच. कायदा कडक आणि पिशवी मुबलक, ही विसंगती केवळ अंमलबजावणीतील ढिलाईने उलगडत नाही.

तिचे मूळ किमतीत आहे. भाजीवाल्या बाईला पिशवी काही पैशांत पडते आणि गिऱ्हाइकाला ती फुकट मिळते. तिची उरलेली किंमत मागाहून वसूल होते आणि ती भरतो भलताच कोणी. नगरपरिषदेच्या सफाईखर्चातून, तुंबलेल्या गटारातून ती वसूल होते. भूम तालुक्यात तर ती गोठ्यातूनही वसूल होते.

बालाघाटाच्या ह्या अवर्षणप्रवण मुलखात शेती पावसाच्या लहरीवर चालते. संसाराला रोजचा आधार दुभत्या जनावराचा. येथील दूध भट्ट्यांवर आटते आणि खवा होऊन दूरच्या बाजारपेठा गाठते. भौगोलिक मानांकन लाभलेला कुंथलगिरीचा खवा ह्याच तालुक्याचा. उष्टे-खरकटे पिशवीत बांधून उकिरड्यावर फेकले जाते आणि मोकाट फिरणारे जनावर ते पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पोटात पचत नाही, बाहेरही पडत नाही. साठत गेलेल्या गोळ्याने भूक मरते, दूध आटते. अखेर शस्त्रक्रिया तरी करावी लागते, नाही तर जनावर जाते. फुकट पिशवीची किंमत अशी एखाद्या अल्पभूधारकाच्या दावणीवर येऊन पडते.

ह्या प्रश्नाचे उत्तर भंगारवाल्याने केव्हाच दिले आहे. पाण्याची रिकामी बाटली रस्त्यावर फार काळ पडून राहत नाही, कारण तिला भंगारात भाव आहे. पातळ पिशवीला वजन नाही, म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून तिला कोणी वाकून उचलत नाही. तेव्हा वस्तू रिकामी झाल्यावरही तिला किंमत राहील अशी व्यवस्था करणे, हाच खरा मार्ग होय.

ही कल्पना नवी नाही. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून मिळत असे, त्या काळी रिकामी बाटली दिल्यावाचून भरलेली मिळत नसे. जर्मनीत 2003 पासून पेयाच्या बाटलीवर 25 सेंट अनामत घेतली जाते आणि शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक बाटल्या परत येतात. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. तामिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात 2022 मध्ये सरकारी दुकानांतील मद्याच्या बाटलीवर 10 रुपये अनामत सुरू झाली, आणि जंगलात व रानवाटांवर फुटून पडणाऱ्या बाटल्या दुकानांकडे परतू लागल्या. महाराष्ट्राच्या 2018 च्या अधिसूचनेतही दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे पुनर्खरेदीची किंमत छापण्याची तरतूद होती. दंडाची पावती फाडली गेली. ही तरतूद मात्र रुजली नाही. दंड हातगाडीवाल्याकडून वसूल करणे सोपे असते, अनामतीची व्यवस्था उत्पादकाकडून उभी करून घेणे अवघड असते, हेच त्याचे कारण असावे.

आरंभ दुधापासून करणे सर्वांत सोयीचे. पिशव्या घेऊन येणारी गाडी परतताना रिकामीच असते. तीच गाडी धुतलेल्या पिशव्या माघारी नेऊ शकेल. अनामतीचा बोजा गरिबावर पडेल, हा आक्षेप टिकणारा नाही. अनामत हा कर नव्हे. पिशवी परत करणाऱ्याला ती पुरती परत मिळते, आणि ज्याला परत करण्याचा कंटाळा येईल त्याचे पैसे कचरा वेचणाऱ्याच्या पदरी पडतात. बाजारातील पातळ पिशवीला मात्र हा उपाय लागू पडत नाही. तिचा कारखाना कायद्याच्या बाहेर आहे. तेथे विक्रेत्याची टोपली उलथण्यापेक्षा कारखान्याला टाळे ठोकणे आणि कापडी पिशवी शिवणाऱ्या बचतगटांना नगरपरिषदेने हक्काचे गिऱ्हाईक मिळवून देणे अगत्याचे आहे.

बंदीने वस्तू नाहीशी होते, ही समजूत शासनाने आता सोडावी. जिची किंमत निर्माण करणाऱ्याला मोजावी लागत नाही ती वस्तू वाढतच जाते. ती किंमत मुंबई-पुण्याच्या उत्पादकाने मोजावयाची की भूमच्या मुक्या जनावराने, एवढाच निर्णय शासनाच्या हाती आहे, आणि तो आणखी लांबणीवर टाकणे हाही एक निर्णयच आहे.