गावाकडे उघडणारं दार

तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते तेव्हा काळभैरवनाथाच्या देवळात कढयांतून पिठलं शिजतं आणि घराघरांतून भाकऱ्यांच्या चवडी येतात. त्या थापणाऱ्यांत सत्तरी उलटलेल्या आज्याही असतात. त्या दिवशी त्यांना कुणी ‘बसा हो तुम्ही’ म्हणत नाही. ज्येष्ठांच्या निवासाचा आराखडा मला इथेच दिसतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी, सहज पोचता येईल अशा ठिकाणी वृद्धाश्रम असावा म्हणतो. सहज म्हणजे माळावर, कुंपणाआड नव्हे. शाळा हाकेच्या अंतरावर हवी, ओसरी रस्त्याकडे, आणि स्वयंपाकघराला गावाकडे उघडणारं दार. यवतकरांनो, असं घर बांधायचं ठरलं तर जागा गावठाणातच द्या, आणि पालखीला तिथलीही चूल पेटू द्या.