चोवीस तासांची श्रद्धांजली

नागभीडच्या चौकात एखादा जवान पोरगा गेला की दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो. तुमच्या गावातही लागतच असेल. 'भावपूर्ण श्रद्धांजली', गॉगल लावलेला फोटो आणि खाली शोकाकुल मित्रपरिवार म्हणून वीस-पंचवीस चेहरे. कधी कधी खालचे फोटो वरच्यापेक्षा ठळक! स्टेटस चोवीस तासांत उडतं, फ्लेक्स पहिल्या वादळात फाटतो आणि नालीत जातो. मित्रांचं दुःख खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण जो माणूस आयुष्यभर जंगलात भटकला, रस्त्यात कुणाचीही गाडी बंद पडली की थांबला, त्याला आपण शेवटी प्लास्टिकच्या कापडावर छापून मोकळे होतो, हे मला पटत नाही.

माझा मामा असाच होता. घोडाझरीच्या रानातली पाखरं त्याला नुसत्या आवाजावरून कळायची. अर्ध्या रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की लोक आधी त्यालाच उठवायचे. नोकरी एकही धड टिकली नाही, त्याचं त्याला काही वाटलंही नाही. तो गेला तेव्हा त्याचाही फ्लेक्स लागला. अशा माणसाची आठवण ठेवायची कशी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. नागभीडहून चिमूरमार्गे वरोऱ्याला जा, तिथे आनंदवन आहे.

थांबा, पान उलटू नका. बाबा आमटे म्हटलं की शाळेतला धडा आठवतो आणि पांढरी बंडी घातलेले म्हातारे बाबा दिसतात, माहितेय. आपल्या वयाचे बाबा मात्र आपल्याला कुणी सांगतच नाही. आणि 'बाबा' म्हणजे साधुबाबा नव्हे बरं का, ते घरच्यांनी लहानपणीच ठेवलेलं लाडाचं नाव. खरं नाव मुरलीधर देवीदास आमटे, जन्म हिंगणघाटचा, 26 डिसेंबर 1914. जहागीरदाराचा मुलगा. हातात बंदूक, शिकारीचा नाद, बुडाखाली स्पोर्ट्स कार आणि तिच्या सीटवर बिबट्याचं कातडं. सिनेमाचं इतकं वेड की इंग्रजी मासिकात परीक्षणं लिहायचे, ग्रेटा गार्बोशी पत्रव्यवहार! पुढे वकिली केली आणि तीही सोडली.

मग वरोऱ्यात भर पावसात त्यांना तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने हातापायाची बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. एरवी कशालाच न भिणारे बाबा घाबरून तिथून निघून गेले. त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली, म्हणून ते परत आले आणि त्याची सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं. प्रयोगासाठी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले. महारोगी सेवा समिती 1949 ची. आनंदवन सुरू झालं तेव्हा जवळ सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये. जमीन कसली, नुसता खडक आणि झुडपं! ती रुग्णांनीच खोदली, विहीर काढली, धान्य पिकवलं.

शिकारीची बंदूक घेऊन फिरलेला हाच माणूस 1980 च्या दशकात 'जंगल बचाओ, मानव बचाओ' म्हणत इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध उभा राहिला. ती धरणं झाली असती तर गडचिरोलीतली माडियांची कितीतरी गावं आणि जंगल पाण्याखाली गेलं असतं. पाठीचा कणा इतका दुखावलेला की बसता येत नव्हतं. एक तर चालायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तशाच अवस्थेत 1985 च्या डिसेंबरमध्ये 'भारत जोडो'साठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. वय 71. सोबत सायकलींवर शंभरावर तरुण-तरुणी.

9 फेब्रुवारी 2008 ला बाबा गेले. त्यांना दहन केलं नाही, त्यांच्या इच्छेप्रमाणे आनंदवनाच्या मातीत पुरलं. ज्या मातीने पोसलं तिलाच शरीर परत द्यायचं, एवढा साधा हिशेब. आपल्याकडे हे काही अगदी नवं नाही. भामरागडकडचे माडिया लोक आपल्या मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. तो पावसात फाटत नाही आणि त्यावर उभा करणाऱ्याचा फोटोही नसतो.

मग आपण काय करायचं? 'झाड लावा' असं लिहिलं की तुम्ही हसाल, आणि हसायलाच पाहिजे. पावसाळ्यात रोप, सोबत आठ जणांचा सेल्फी आणि मे महिन्यात वाळलेली काडी, हे आपण दरवर्षी बघतो. चंद्रपूरचा उन्हाळा कुणाला सांगायला नको. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालायला आणि शेळ्यांपासून जपायला कुणी असेल तरच रोप लावा. मामाच्या नावाने आम्ही एकच मोह लावलाय. भावंडांनी पाण्याच्या पाळ्या ठरवल्यात आणि खरं सांगायचं तर त्यावरून भांडणंही होतात. पण त्या भांडणात मामाचं नाव निघतं. फ्लेक्ससमोर उभं राहून ते कधी निघालं नव्हतं.

दुसरा एक रस्ता आहे, थोडा घामाचा. मूलजवळ सोमनाथला बाबांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. भर मे महिन्यात पहाटे उठून कुदळ-फावडं घ्यायचं, दुपारी कार्यकर्त्यांना ऐकायचं, रात्री गाणी म्हणायची. नागभीडहून बल्लारशाकडे जाणारी गाडी मूलला थांबते. गेलेल्या मित्राच्या नावाने तुमच्यातल्या चौघांनी जरी तिथे आठवडाभर माती खोदली, तरी त्या फ्लेक्सवरच्या पंचवीस फोटोंपेक्षा मला ते जास्त आवडेल. मे महिन्यात परीक्षा आटोपलेल्या असतात, त्यामुळे वेळ नाही हे कारण चालणार नाही. ऊन लागतं म्हणाल, तर ते आपल्याला घरीही लागतंच.