बुरशी गेली, रंगही गेला

हस्ताच्या सरी ओसरल्या आणि आश्विनातील स्वच्छ उन्हे पडू लागली की आमच्या बेळगाव भागात घरोघरी एक मोठे काम निघते. पडवीचे जाड पडदे, झोपाळ्याची गादी, आरामखुर्चीचे कापड, मांडवाच्या कनाती असे सारे अंगणात येते आणि त्यावरचे करडे-काळे ठिपके पाहून गृहिणीच्या कपाळाला आठ्या पडतात. मृगापासून चार महिने ज्या हवेत बरणीतले मीठही पाझरते, त्या हवेत बुरशीने कापडावर बिऱ्हाड केले तर नवल नाही. नवल आहे ते तिला हुसकावताना आपण करतो त्या उतावळेपणाचे. आमच्याच उतावळेपणाची एक हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापुराने हाहाकार उडवला. घरे पडलेली काही कुटुंबे तेव्हा आमच्या शाळेत आश्रयाला होती. त्यांच्या आडोशासाठी शाळेची गर्द निळी सुती कनात बांधली होती. जुन्या विद्यार्थिनींनी वर्गणी काढून दिलेली ती कनात, म्हणजे शाळेचे भूषणच. पूर ओसरला, माणसे परतली. कनात मात्र ओलसर असतानाच घडी होऊन कोठीच्या खोलीत गेली. पुढे जानेवारीत प्रजासत्ताक दिनासाठी ती उलगडली, तेव्हा ठिपक्यांनी पुरती भरली होती.

विहिरीत टाकण्यासाठी आणलेली ब्लीचिंग पावडर शाळेत होतीच. ती पाण्यात कालवून कनात बुडवावी, असे आम्ही फर्मावले. शाळेचे शिपाई, ज्यांना मुले आदराने ‘मामा’ म्हणतात, ते दबकत म्हणाले, “गुरुजी, आधी एक कोपरा भिजवून बघू काय?” आम्ही कागदांतून मान वर न करताच उत्तरलो, “वेळ कुठे आहे? बुडवा सगळी!”

संध्याकाळी पाहतो तो निळ्या कापडावर पांढुरके-तपकिरी चट्टे! आम्ही मामांवरच डाफरलो. त्यांनी प्रत्युत्तर केले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कनातीचे एक टोक आमच्यापुढे धरले. तेवढे त्यांनी भिजू दिले नव्हते. नुसत्या साबणाने आणि ब्रशाने घासले होते. डाग पुष्कळ फिके झाले होते आणि निळा रंग जसाच्या तसा होता. आम्हांस स्वतःची लाज वाटली.

असे का व्हावे? स्कॉटलंडातील चार्ल्स टेनंट यांनी 1799 मध्ये या चूर्णाचे पेटंट घेतले, ते कोरे कापड पांढरे करण्याकरिता. रंग घालवणे हाच त्याचा जन्मजात धर्म! त्यातील क्लोरीनयुक्त द्रव्य रंगाच्या रेणूची रचनाच मोडते. मग तो रेणू बुरशीचा असो वा रंगाऱ्याने दिलेला. रंग एकदा मोडला की धुऊन परत येत नाही. शिवाय तीव्र ब्लीचने सुताचा धागा कच्चा होतो, तर लोकर आणि रेशीम यांचा नाशच होतो. बाटलीतील द्रवरूप ब्लीचही याच कुळातले.

तेव्हा क्रम असा ठेवावा. कापड प्रथम अंगणात नेऊन उन्हात कडकडीत वाळवावे. मग नाकातोंडावर फडके बांधून कोरड्या ब्रशाने बुरशी झाडावी. घरात झाडल्यास तिची सूक्ष्म बीजे सर्वत्र पसरतात आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. त्यानंतर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, मऊ ब्रशाने घासून, भरपूर पाण्याने खळबळावे. वास उरल्यास पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून लावावे आणि अर्ध्या तासाने धुऊन टाकावे. तरीही डाग उरले, तर सोडियम परकार्बोनेट असलेली, ‘ऑक्सिजन ब्लीच’ या नावाने मिळणारी पूड वेष्टनावरील प्रमाणानुसार कोमट पाण्यात विरघळवून कापड भिजवावे. बहुतेक पक्क्या रंगांना ती मानवते. लोकर आणि रेशीम यांना मात्र नव्हे. यांतील प्रत्येक उपाय आधी शिवणीच्या आतील बाजूस बोटभर जागेवर करावा, ती जागा वाळू द्यावी आणि मगच पुढे जावे. कारण खरा रंग कळतो तो वाळल्यावर.

क्लोरीनचे ब्लीच फक्त पांढऱ्याशुभ्र सुती कापडाला, तेही पातळ करून वापरावे. आता मिळणाऱ्या काही ॲक्रिलिक कापडांत धागा काढण्यापूर्वीच रंग मिसळलेला असतो. ती ब्लीच सोसतात, पण उत्पादकाची सूचना वाचूनच. एक गोष्ट मात्र कधीही करू नये. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा अमोनिया मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

आणि हेही ध्यानी असावे की बुरशी मेली तरी तिचा काळा डाग कित्येकदा मागे राहतो. थोडा डाग पत्करला, तर कापड वाचते. त्याहून बरे म्हणजे बुरशी येऊच न देणे. घडी घालण्यापूर्वी शिवणी चाचपून पाहाव्यात. ओल तिथेच लपते. पावसाळ्यासाठी ठेवायच्या कापडाला खळ करू नये, कारण ती बुरशीचे खाद्य होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता जुन्या सुती चादरीत गुंडाळून, जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे.

आमची कनात पुढे रंगाऱ्याकडे गेली. मामांनी राखलेला तो कोपरा नमुना म्हणून उपयोगी पडला. तरी जवळून पाहिल्यास चट्टे दिसतातच. मामांची क्षमा आम्ही शिक्षकांच्या खोलीत, सर्वांसमक्ष मागितली. डाफरलो होतो तेही सर्वांसमक्षच. ते एवढेच म्हणाले, “असू दे गुरुजी, पुढच्या खेपेला कोपरा बघू.”

वाचकहो, यंदा पडदे धुवायला काढाल तेव्हा तुम्हीही आधी कोपरा बघा.