फाँटच्या कुलपात अडकलेली मराठी

मोडी वाचायला कष्ट पडतात. पण शिकेल त्याला ती खुली आहे. महाजालावरील सुरुवातीच्या मराठीचे तसे नव्हते.

‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ चे. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, तीही त्याच वर्षी. तरीही संगणकांत युनिकोड रुजेपर्यंत अनेक मराठी संकेतस्थळे खासगी फाँटांवरच चालली. प्रत्येकाचे संकेतन निराळे. तो फाँट नसला की मजकुराच्या जागी अर्थहीन रोमन चिन्हे उमटत. मराठी शब्द देऊन तो शोधताही येत नसे.

खुले मानक हे माझ्या मते इतिहासाचे साधन आहे. फाँट बनवणारी कंपनी बंद पडली, तर वाचनाची किल्लीही हरवू शकते. म्हणूनच तो जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे मोडीच्या लिप्यंतराइतकेच निकडीचे कार्य आहे.