दहा टक्के कोणाचे?

एक बाई वर गेली की सगळ्या बायका वर जातात, अशी एक समजूत आपल्यात घर करून बसली आहे. पहिली न्यायाधीश, पहिली पायलट, पहिली बँकप्रमुख, अशा 'पहिल्या' बायकांच्या यादीला आपण आनंदाने टाळ्या वाजवतो. आता या यादीत सिनेमाधंद्यातली टॅलेंट एजन्सीची अधिकारी येऊन बसली आहे. नटनट्यांना कामे मिळवून देणारी, त्यांचा भाव ठरवणारी, निर्मात्यांना फोनवर ताटकळत ठेवणारी बाई. तिच्या मुलाखती छापून येतात आणि खाली ठरलेले वाक्य असते: आता चित्र बदलते आहे.

कोणाचे चित्र? हा प्रश्न विचारायचा म्हणून या धंद्यातल्या सर्वांत गाजलेल्या बाईचीच कारकीर्द पाहू.

सू मेंगर्स ही हॅम्बुर्गमध्ये जन्मलेली ज्यू मुलगी. १९३८ मध्ये आईवडिलांबरोबर अमेरिकेत आली तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पुढे वडिलांनी आत्महत्या केली. आईने नोकरी करून मुलीला वाढवले. १९५५ मध्ये मेंगर्स न्यूयॉर्कच्या एका एजन्सीत स्वागतिका म्हणून लागली, नंतर दुसऱ्या एजन्सीत सेक्रेटरी झाली. त्या काळी या धंद्यात मुलगे टपालखोलीतून एजंट व्हायचे, मुली बहुधा टाइपरायटरपाशीच राहायच्या. मेंगर्स तिथे राहिली नाही. साठच्या दशकात ती एजंट झाली, लॉस एंजेलिसला गेली आणि सत्तरच्या दशकात बार्बरा स्ट्रायसँड, फे डनवे, जीन हॅकमन, मायकेल केन असे कलाकार तिच्याकडे होते. पुरुषांनी भरलेल्या धंद्यात ती पुरुषांपेक्षा मोठ्या आवाजात बोलली. हे सोपे नव्हते. त्याबद्दल तिला मानच दिला पाहिजे.

पण मान दिल्यावर हिशोबही मागितला पाहिजे.

एजंटचा धंदा चालतो टक्क्यांवर. कलाकाराला जे मिळेल त्याचे साधारण दहा टक्के एजन्सीचे. वरवर पाहता यात गैर काही नाही. कलाकाराचे भले तेच एजंटचे भले, असे वाटते. पण गणित जरा पुढे नेऊन पाहा. ज्या नटीला ४० लाख डॉलर मिळतात तिचे दहा टक्के म्हणजे ४ लाख. ज्या मुलीला दिवसाला शंभर डॉलर मिळतात तिचे दहा टक्के म्हणजे दहा डॉलर. दोघींचे फोन एकाच वेळी वाजले तर एजंट कोणता उचलेल? यात एजंट बाई की पुरुष, प्रेमळ की दुष्ट, याने फरक पडत नाही. टक्केवारीच उत्तर देते.

१९६९ मध्ये शॅरन टेट आणि इतरांच्या खुनांनी हॉलिवूड हादरले होते. तेव्हा घाबरलेल्या स्ट्रायसँडला मेंगर्सने धीर दिला की स्टार कुठे मारले जाताहेत, फक्त दुय्यम नटमंडळीच मारली जाताहेत. तिची विनोदबुद्धी दाखवायला हा किस्सा सांगितला जातो. मला त्यात धंद्याचे तत्त्वज्ञान दिसते. 'फक्त दुय्यम'! आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका या 'फक्त'मध्येच मोडतात.

१९८१ चा 'ऑल नाइट लाँग' हा चित्रपट पाहा. दिग्दर्शक मेंगर्सचा नवरा, नायक हॅकमन तिच्याच यादीतला. चित्रीकरण सुरू झालेले असताना लिसा आयकॉर्न या नटीला काढले आणि तिच्या जागी मेंगर्सची स्ट्रायसँड आली, सुमारे ४० लाख डॉलर घेऊन. चित्रपट पडला. स्ट्रायसँड मेंगर्सला सोडून गेली आणि तिथून मेंगर्सची घसरण सुरू झाली. १९८६ मध्ये तिने एजन्सी सोडली, दोन वर्षांनी दुसरीकडे परतली, पण जुने दिवस आले नाहीत. २०११ मध्ये ती वारली. तिच्यावर नाटक निघाले, लेख आले. या सगळ्यात हळहळ आहे ती मेंगर्सच्या पडण्याची. काम हातात असताना बाहेर काढलेल्या नटीची हळहळ मला फारशी कुठे सापडली नाही.

कोणी म्हणेल, पुरुष एजंटांना असे प्रश्न कोणी विचारत नाही, मग बाईलाच का? आक्षेप रास्त आहे. म्हणून पुरुषांच्या धंद्याकडेही पाहू. हार्वी वाइनस्टीन प्रकरण उघडकीस आले २०१७ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापले की सी. ए. ए. या बलाढ्य एजन्सीतल्या किमान आठ एजंटांना त्याच्या वागण्याबद्दल सांगितले गेले होते, तरी तिथून नट्यांच्या त्याच्याशी एकट्याने भेटी ठरवणे चालूच राहिले. एजन्सीने नंतर माफी मागितली. ज्याने मुलीचे रक्षण करायचे तोच तिची वेळ ठरवून देत होता. कारण मुलगी दहा टक्के देणार, पण निर्माता पुढच्या शंभर मुलींना काम देणार. एजंट पोटाने निर्मात्याला बांधलेला असतो. खुर्चीत बाई बसवून ही गाठ सुटत नाही.

आता आपल्याकडे या. मुंबईत पूर्वी नटांचे सेक्रेटरी होते आणि ज्युनियर आर्टिस्ट पुरवणारे सप्लायर होते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्या डोक्यावर काचेच्या कार्यालयांतल्या टॅलेंट कंपन्या आल्या. वर कंपनी, खाली को-ऑर्डिनेटर. स्टारला करारपत्र, वकील, व्हॅनिटी व्हॅन. अंधेरी-वर्सोव्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला एक मोबाइल नंबर आणि 'सरांना भेटून ये' एवढा निरोप. समुपदेशनाच्या कामात अशा मुली मला भेटतात. आधी पोर्टफोलिओचे पैसे, मग नोंदणीचे पैसे, मग भेट. तक्रार कोणाविरुद्ध करायची हेच त्यांना कळत नाही. निर्माता म्हणतो, ही आमची नाही. एजन्सी म्हणते, तो को-ऑर्डिनेटर आमचा नाही. को-ऑर्डिनेटरचा फोन बंद.

२०१८ च्या 'मी टू'मध्ये मुंबईच्या एका बड्या एजन्सीच्या प्रमुखावरही आरोप झाले आणि त्याला पदावरून दूर व्हावे लागले. माणूस गेला, खुर्ची राहिली. केरळात न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारला मिळाला, लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही कापाकापी करून. तेवढा उजेड पडला तोसुद्धा केरळच्या सिनेमातल्या बायका २०१७ पासून संघटित झाल्या म्हणून.

मैत्रिणींनो, कायदा आपल्या हातात आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नीट वाचा. त्यात कर्मचारी कोण? थेट नेमलेली आणि एजंट किंवा कंत्राटदारामार्फत नेमलेलीसुद्धा. मुख्य मालकाला ठाऊक असो वा नसो, मोबदला असो वा नसो. तक्रारदार बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असेही नाही. म्हणजे 'ही आमची नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणांसाठी, आणि मालकाविरुद्धच तक्रार असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुदत तीन महिन्यांची, कारण दिल्यास आणखी तीन महिने वाढू शकते. चित्रपटाच्या युनिटलाही अशी समिती लागते, असे केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आणि अंतर्गत समितीत एक बाहेरची सदस्य स्वयंसेवी संस्थेतली असावी लागते. ती जागा आपली आहे. एजन्सीने मर्जीतले नाव शोधण्याआधी आपण तिचे दार ठोठावू या. समिती आहे का, को-ऑर्डिनेटरांची नावे कार्यालयात लावली आहेत का, भेट कुठे आणि कोणासमोर होते, मुलीकडून आगाऊ पैसे का घेता, हे लेखी विचारू या.

एजन्सी नमते हे सिद्ध झाले आहे. एप्रिल २०१९ मध्ये हॉलिवूडच्या पटकथालेखकांच्या संघटनेने सदस्यांना सांगितले, एजंट सोडा. एजन्सी स्टुडिओकडूनच परस्पर पैसे घेत होत्या, म्हणजे लेखकाची माणसे मालकाच्या ताटात जेवत होती. हजारो लेखकांनी एजंटांना नारळ दिला. दोन वर्षांच्या आत बड्या एजन्सींनी एकेक करून अटी मान्य केल्या. हे कोणा सहृदय अधिकाऱ्यामुळे घडले नाही, संघटनेमुळे घडले.

तेव्हा खुर्चीवर बाई जरूर बसू दे. आपण तिला हार घालू, आणि त्याच भेटीत विचारू, 'बाई, यादीतल्या शेवटच्या मुलीचा फोन तुम्ही उचलता का?'